उपदेश पोटभर, डाळ चिमूटभर!

हल्लीं गरिबांनीं काय खावें हें सांगणाऱ्या शहाण्यांचें पीक फार आलें आहे. ज्वारीस पाऊस लागतो, कापसास खत लागतें. ह्या पिकास कांहींच लागत नाहीं. 'कमी खर्चांत पौष्टिक आहार' हा विषय घेतला कीं व्याख्यान तयार! कोणी म्हणतो मोड आलेलीं कडधान्यें खा, कोणी म्हणतो रोज पेलाभर दूध घ्या, कोणी म्हणतो ताटांत पांच रंगांच्या भाज्या असूं द्या. पांच रंग! आमच्या मजूर बाईच्या ताटांत दोन रंग असतात, भाकरीचा पांढरा आणि ठेच्याचा हिरवा. तिसरा रंग सणासुदीस दिसतो. ह्या उपदेशाशीं आमचें वैर नाहीं. त्यांतील बराच भाग खरा आहे, आणि याच लेखांत पुढें आम्हीही तो सांगणार आहों. पण उपदेश करणाऱ्यानें आधीं किराणा दुकानाची पाटी वाचावी, मग मजुराच्या खिशांत हात घालून पाहावा, आणि मग तोंड उघडावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

वाचकहो, आम्ही ही गोष्ट हवेंत बोलत नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनें औरंगाबाद, त्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या रस्त्यावर हर्सूल हें गांव आहे. एके काळीं तलाव, हर्सिद्धीचें देऊळ आणि सभोंवारचीं शेतें एवढाच त्याचा पसारा. आतां तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे, शेतांत प्लॉट पडले आहेत, आणि कालच्या शेतकऱ्याचा मुलगा आज नाक्यावर कामाची वाट पाहत उभा आहे. शेत गेलें म्हणजे नुसती जमीन गेली असें शहरवाल्यांस वाटतें. तसें नव्हे. जमिनीबरोबर बांधावरची तूर गेली, कडेची अंबाडी गेली, तणांत आपोआप उगवणारी घोळ व तांदूळजा गेली, परसांतला शेवगा गेला, दारांतली कोंबडी गेली आणि उन्हाळ्यांत शेजारणीकडून तांब्याभर मिळणारें ताकही गेलें. ज्यास आजचे डॉक्टर लोह, चुना व प्रथिनें म्हणतात तें सर्व ह्या घरांस बिनपैशानें मिळत होतें. आतां तें पैसे मोजून घ्यावें लागतें, आणि पैसे नसले म्हणजे घेतलें जात नाहीं. परसबाग लावा असें सांगणारेही पुष्कळ भेटतात. ज्या शहरांत नळास किती दिवसांनीं पाणी येईल याचा नेम नाहीं, तेथें मेथीचा वाफा काय घामानें शिंपावा?

ह्याच हर्सुलांत मध्यवर्ती कारागृह आहे. शहरांत कोणास 'हर्सूलला पाठवीन' अशी धमकी दिली तर ऐकणाऱ्यास अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं. त्या भिंतीच्या आंत जो कैदी आहे त्यास रोज किती धान्य, किती डाळ, किती भाजी व किती तेल द्यावें हें सरकारी नियमांत ग्रॅमांनीं लिहिलेलें असतें, आणि अन्न तपासण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकलेली असते. तुरुंगांतल्या जेवणाची आम्ही स्तुति करीत आहों असें कोणी समजूं नये. नियमांतली डाळ सगळीच ताटांत उतरते असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण निदान कागदावर तरी सरकारास हें मान्य आहे कीं माणूस नुसत्या धान्यावर जगत नाहीं, त्यास डाळ, भाजी व तेलही लागतें. मग भिंतीच्या बाहेर जो निरपराधी मजूर राहतो त्याच्यासाठीं सरकार काय लिहितें? दरडोई दरमहा पांच किलो धान्य! डाळीचें नांव नाहीं, तेलाचें नांव नाहीं. भिंतीच्या आंतल्यास वरण आणि बाहेरच्यास नुसतें पीठ, हा कोणता न्याय?

आतां हिशेब पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं माणसाच्या एका दिवसाच्या ताटाचें माप प्रसिद्ध केलें. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यें किंवा त्यांच्या जागीं मांस-मासे-अंडीं ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, दूध किंवा दहीं ३०० मिलिलिटर, शेंगदाण्यासारखा तेलबी-मेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हें ताट दोन हजार कॅलरीचें, म्हणजे बैठें काम करणाऱ्याचें आहे; डोक्यावर विटा वाहणाऱ्याचें नव्हे. पण तेंच धरूं. घरांत पांच माणसें आहेत आणि महिन्याचे तीस दिवस आहेत असें समजा. रेशनचें पंचवीस किलो धान्य फुकट मिळालें तरी साडेबारा किलो कमी पडतें. तें ३५ रुपयांनीं घेतलें तर सुमारें ४४० रुपये. डाळी-कडधान्यें पावणेतेरा किलो. सरासरी १२० रुपये भाव धरला तर १५३०. दूध ४५ लिटर, ६० रुपयांनीं २७००. भाजी ६० किलो, ४० रुपयांनीं २४००. फळें १५ किलो, ५० रुपयांनीं ७५०. शेंगदाणे सवापांच किलो, १३० रुपयांनीं ६८०. तेल चार किलो, सुमारें ५७०. एकूण नऊ हजारांवर गेलें! यांत मीठ, मिरची, चहा, साखर व गॅस धरलेला नाहीं. मुलें लहान आहेत म्हणून थोडें कमी करा. तरी साडेसात-आठ हजारांखालीं हा आंकडा येत नाहीं.

आणि मिळकत? २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसास ३१२ रुपये होता. हर्सुलाच्या पलीकडील खेड्यांत कोणास महिन्यांतून वीस दिवस काम मिळालें असें धरलें (तें मिळत नाहीं, पण धरूं), तरी ६२४० रुपये होतात. म्हणजे सरकारी मजुरीवर सरकारी ताट भरत नाहीं! एका खात्यानें ताट ठरविलें, दुसऱ्यानें मजुरी ठरविली, आणि दोघांची कधीं गांठ पडली नाहीं. हर्सूल शहरांत मोडतें म्हणून तेथें ती हमीही नाहीं. नाक्यावर पांचशें रुपये रोज धरला आणि वीस दिवस भरले तर दहा हजार होतात. त्यांतून खोलीचें भाडें, वीज, शाळा, औषध आणि जुन्या कर्जाचा हप्ता निघाल्यावर ताटासाठीं काय उरतें हें ज्याचें त्यास ठाऊक. असें असतां 'गरीब लोक अज्ञानामुळें निकस खातात' असें जे म्हणतात त्यांस गणित येत नाहीं असेंच म्हणावें लागतें.

रेशनवर आम्ही उगीच तोंडसुख घेत आहों असें नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पांच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो दिलें, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तें फुकट झालें. उपासमारीस त्यानें आळा घातला हें आम्हांस मान्य आहे. १९७२ च्या दुष्काळांत ह्याच मराठवाड्याच्या लोकांनीं खडी फोडून अमेरिकेची तांबडी मिलो व सुकडी खाल्ली, तेव्हांपेक्षां आजचा दिवस खात्रीनें बरा. पण पांच किलो म्हणजे दिवसास साधारण १६५ ग्रॅम. पोट जळूं न देण्यापुरतें हें ठीक. पोराचें हाड व रक्त त्यानें वाढत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं पस्तीस मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं आणि शंभर बायकांपैकीं चौपन्न बायकांच्या रक्तांत लोह कमी निघालें. कोठारें धान्यानें भरलेल्या देशांत ही स्थिति! राज्य सरकारनें २०२२ च्या दिवाळीस शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल असा 'आनंदाचा शिधा' दिला, पुढेंही कांहीं सणांस दिला. लोकांनीं रांगा लावल्या. आमचा प्रश्न एवढाच कीं, डाळ ही सणाची वस्तु कधींपासून झाली? देव पावला कीं डाळ आणि उत्सव संपला कीं कोरडें पीठ, असा पोटाचा पंचांग कोणी लिहिला? तामिळनाडूंत तूरडाळ व पामतेल २००७ पासून रेशनवर स्वस्तांत देण्यांत आलें. सणाची वाट पाहावी लागली नाहीं.

अंड्याचा प्रकार तर याहून मासलेवाईक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत सरकारनें शाळेच्या आहारांत आठवड्यास एक अंडें द्यावें, आणि जो खात नसेल त्यास केळें द्यावें, असें ठरविलें. आठवड्यास एक! पण तेवढ्यानेंही कांहीं सोवळ्या मंडळींच्या पोटांत दुखूं लागलें. 'मुलांवर संस्कार काय होतील?' ज्यांच्या स्वतःच्या मुलांस घरीं दूध, तूप, पनीर व बदाम मिळतो त्यांनीं दुसऱ्याच्या मुलाच्या अंड्यावर संस्काराची चर्चा करावी, याइतका हलकट विनोद दुसरा नाहीं. खाऊं नका म्हणणाऱ्यास केळें होतेंच ना? पुढें २०२५ च्या २८ जानेवारीस ठराव निघाला कीं अंड्यास सरकारी पैसा मिळणार नाहीं. शाळेनें हवें तर लोकवर्गणी करावी. वर्गणी कोणी द्यावी? ज्याचें पोर शाळेंतल्या खिचडीसाठीं डबा न घेतां जातें त्यानें! त्याच वर्षाच्या मे महिन्यापासून प्राथमिक शाळेंतील एका मुलाच्या जेवणाच्या जिनसांसाठीं दिवसास ६ रुपये ७८ पैसे ठरले. बाजारांत अंडें सातला मिळतें. म्हणजे धान्य सोडून मुलाचा सारा दिवसाचा खर्च एका अंड्याच्या आंत!

निजामाच्या राज्यांत आपल्याच बरोबर असलेले बिदर व कलबुर्गी हे जिल्हे आज कर्नाटकांत आहेत. तेथें २०२१ च्या डिसेंबरांत शाळेंत अंडें सुरू झालें. तेथेंही मठाधीश रागावले, तेथेंही धर्म बुडाला. पण सरकारनें अंडें बंद केलें नाहीं. २०२४ सालीं एका खाजगी दानाची जोड घेऊन तें आठवड्यांतून सहा दिवस केलें. १९५६ पर्यंत एकाच राज्यांत असलेल्या दोन गांवांपैकीं एका गांवच्या पोरास सहा अंडीं आणि दुसऱ्या गांवच्या पोरास वर्गणीची पावती, हा भेद कोणी केला? पावसानें तर केला नाहीं!

ह्या साऱ्याच्या मुळाशीं एक जुनें ढोंग आहे. अन्नाचे सात्त्विक, राजस व तामस असे वर्ग पाडून जें महाग तें पवित्र आणि जें गरिबास परवडतें तें तामसी, असा निवाडा फार पूर्वींच देऊन ठेवला आहे. तूप सात्त्विक, सुकट तामसी. बदाम सात्त्विक, कांदा-लसूण तामसी. मराठवाड्यांतील महार-मांगांच्या चुलीवर जें शिजलें, ज्या चान्या वाळल्या, त्यांचा उल्लेख पाककलेच्या पुस्तकांत शोधून सांपडत नव्हता. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलें तेव्हां कोठें तें अन्न छापील कागदावर आलें. आणि योगायोग पाहा, त्याच २०१५ सालीं बैल व वळू यांच्या कत्तलीसही राज्यांत बंदी आली. मोठ्याचें मटण हें गरिबाचें सर्वांत स्वस्त मांस होतें. तें गेलें, त्याबद्दल गरिबास दुसरें काय दिलें? कांहीं नाहीं. भाकड बैल पोसण्याचा बोजा मात्र शेतकऱ्याच्या गळ्यांत आला. ज्यास खायचें नाहीं त्यानें खाऊं नये, आमचा आग्रह नाहीं. पण आपल्या सोवळ्याचा खर्च दुसऱ्याच्या ताटांतून वसूल करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आणि हे नवे सोंवळेवाले जन्मानें भटच असतात असेंही नाहीं. आमच्यांतलेही पुष्कळ लोक चार पैसे हातीं येतांच बापाचें खाणें लपवूं लागतात आणि भटजींहून मोठी माळ घालतात.

आतां शेटजींकडे वळूं. २०२३ हें भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें आणि आमच्या ज्वारी-बाजरीस 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली. पदवी मिळतांच ती गरिबाच्या घरून उठली. ज्या भाकरीस गांवंढळ म्हणून नाकें मुरडलीं तीच हॉटेलांत मान पावली, आणि चांगली शाळू ज्वारी गव्हाच्या भावास मागें टाकून गेली. रेशनवर गहूं-तांदूळ, बाजारांत महाग ज्वारी. मग ज्वारीच्या मुलखांतल्या माणसानें भाकरी कशी खावी? दुसरीकडे ज्वारी-तुरीच्या शेतांत सोयाबीन आलें. २०२४ सालीं त्याचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि शेतकऱ्यानें पुष्कळ माल त्याहून कमी भावानें घातला. त्याचें तेल काढून प्रथिनांनीं भरलेली पेंड कोंबड्यांस व परदेशीं जाते. पिकविणाऱ्याच्या पोराला मात्र आई दहा रुपयांचा बिस्किटपुडा देते, कारण जाहिरातींत तो शक्ति देतो असें सांगितलें आहे. डब्यांतल्या गोड पुडीची तीच गत. २०२४ च्या एप्रिलांत केंद्राच्या व्यापार खात्यास विक्रेत्यांना सांगावें लागलें कीं अशीं पेयें 'हेल्थ ड्रिंक' ह्या सदराखालीं विकूं नका. इतकीं वर्षें आमच्या आया पोटास चिमटा घेऊन साखर विकत घेत होत्या!

अंगणवाडीच्या आहाराची कथा अधिक लांबवीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालींच सांगितलें होतें कीं यांत कंत्राटदार नकोत. तरी महाराष्ट्रांत महिला मंडळांचीं नांवें पुढें करून मोठीं कंत्राटें दिलीं गेलीं, आणि बचत गट आंत येऊंच नयेत अशा अटी घातल्या म्हणून २०१९ सालीं त्याच न्यायालयास तीं रद्द करावीं लागलीं. मुलाचा दर दिवसास आठ रुपये, तो २०१७ सालचा. त्यांतही कोणाची तरी पोळी भाजते.

आमचा हा लेख वाचून कोणी म्हणेल, 'गरीब लोक दारूवर व मोबाईलवर पैसे उडवतात त्याचें काय?' उडवतात, सगळे नाहीं, पण उडवतात. दारू हा आमच्या समाजाचा जुना शत्रु आहे आणि त्याबद्दल आम्हीं कधीं भीड ठेवली नाहीं. पण दारू न पिणाऱ्या विधवेच्या घरीं तरी डाळ आहे काय, हें ह्या प्रश्नकर्त्यांनीं जाऊन पाहावें.

घरच्या लोकांसही दोन शब्द सुनावल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं. तेराव्यास गांवजेवण घालतां, त्यास व्याजानें पैसे काढतां; मेलेल्यासाठीं बुंदी आणि जिवंत पोरासाठीं पाण्यासारखें वरण! आणि बाई सर्वांच्या मागून जेवते, उरलें तर. अन्नसुरक्षा कायद्यानें घरांतील वडील स्त्रीस शिधापत्रिकेची कुटुंबप्रमुख केलें. कार्डावर ती प्रमुख, चुलीपाशीं मात्र खरवड खाणारी! चौपन्न टक्के बायका रक्तहीन आहेत त्याचें सगळें पाप सरकारच्या माथीं मारतां येणार नाहीं. वाढतांना तिचें ताट आधीं वाढा; ह्यास एक पैसाही लागत नाहीं.

आतां दहा रुपयांत काय येतें तें ऐका, कारण हा हिशेब कोणी सांगत नाहीं. सोयाबीन किलोस ६० रुपयांनीं धरलें तर दहा रुपयांत साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनें मिळतात, हरभरा ८० नें धरला तर बावीस-चोवीस, शेंगदाणे एकोणीस, तूरडाळ अठरा, अंड्यांतून नऊ, पण तीं उत्तम जातीचीं, आणि जें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें तेंही त्यांबरोबर येतें, दुधांतून पांच-सहा, आणि बिस्किटांतून चार-पांच, तींही मैद्याचीं. म्हणून हातांत थोडे पैसे असले तर आधीं हरभरा, मटकी, हुलगा व शेंगदाणा घ्यावा, मग मुलांसाठीं व गरोदर बाईसाठीं अंडें, आणि दूध परवडलें तर शेवटीं. सोयाबीन कच्चें पचत नाहीं. भाजून दहा किलो धान्यास एक किलो ह्या मापानें दळावें. ज्वारींत जें कमी तें डाळींत असतें, म्हणून भाकरी-पिठलें ही जोडी आमच्या आजीनें विद्यापीठांत न जातां शोधली ती खरी. मटकीस मोड आणावे. पालेभाजीवर लिंबू पिळावें, आणि जेवणास लागून चहा घेऊं नये; तो भाजींतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. जवसाची व कारळाची चटणी सोडूं नये. शेवग्याचा पाला कोणी तोडून फेकत असेल तर मागून आणावा, लाजूं नये.

एवढें करूनही राष्ट्रीय पोषण संस्थेचें ताट भरणार नाहीं, अर्धें भरेल. बाकीचें अर्धें मागून घ्यावें लागेल. प्रत्येक रेशन दुकानास कायद्यानें दक्षता समिती असावी लागते. हर्सुलांतील बायांनीं आपल्या दुकानाच्या समितींत कोण आहे हें विचारावें, धान्य घेतांना पावती घ्यावी, आणि दर माणशीं एक किलो डाळ व अर्धा किलो तेल धान्याबरोबर स्वस्तांत मिळावें असा अर्ज सह्यांनिशीं तहसिलीच्या पुरवठा शाखेंत द्यावा. सरकारी व महापालिकेच्या शाळेंत व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांनीं येत्या सभेंत ठराव मांडावा: आमच्या मुलांस अंडें हवें, तें सरकारी खर्चानें हवें, आणि वर्गणी आम्ही देणार नाहीं. ठरावाची एक प्रत मुख्याध्यापकाकडे, एक शिक्षणाधिकाऱ्याकडे आणि एक मतें मागावयास येणाऱ्या उमेदवाराच्या हातांत द्यावी व पोंच घ्यावी.